उलटं लावून बघ

उलटे मामू हेडफोन विकायच्या आधी तो गिऱ्हाइकाच्या डोक्यावर उलटा चढवायचे. उलटा म्हणजे डावी बाजू उजव्या कानावर आणि उजवी बाजू डाव्या कानावर. गिऱ्हाईक कॉलेजचा प्राध्यापक असो नाहीतर कालच गावाकडून आलेली अकरावीची पोरगी, यातून कुणाचीच सुटका नव्हती. आधी सरळ लावायचा, मग उलटा, आणि दोन्ही वेळा मामू हेडफोनकडे न बघता आपल्या तोंडाकडे टक लावून बघायचे. "हं, आता कुठून आलं? डावीकडून का उजवीकडून?" लातूरला शिकवणीसाठी आलेल्या आम्ही पोरी दुकानाबाहेर पडलो की पोट धरून हसायचो. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं होतं, पण ते कुणी घेतलेलं मी ऐकलं नाही. सगळ्या गल्लीचे ते उलटे मामूच. त्या उलट्या हेडफोननं माझ्या बाबतीत काय केलं ते आठवलं, की इतक्या वर्षांनीही मी हातातलं काम टाकून तशीच बसून राहते.

शिकवण्यांच्या गल्लीत, एका झेरॉक्सवाल्याच्या आणि एका मेसच्या मधोमध त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन माणसं समोरासमोर उभी राहिली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. पण हेडफोन घ्यायचा तर मामूंकडूनच, हे नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात कळायचं. "डबा नको बघू, गादी बघ," असं त्यांचं सुरू व्हायचं. गादी म्हणजे कानावर टेकतो तो मऊ भाग. तो ते अंगठ्यानं दाबून सोडायचे आणि किती वेळात वर येतो ते बघायला लावायचे. मग वायर पिनेजवळ वाकवायचे. "वायर मधी कधीच तुटत न्हाई. तुटंल तर इथंच." आणि मग पंधरा मिनिटं स्टुलावर बसवायचे, चष्मा असेल तर चष्म्यासकट. पंधरा मिनिटांत कानाची पाळी दुखली, की तो हेडफोन परत काचेच्या कपाटात.

आवाजाची परीक्षा तर फारच जगावेगळी. पोरं मोठ्या हौसेनं मोबाईलवर धडधडणारं गाणं लावायची. मामू ते बंद करायचे. "गाणं काय, पत्र्याच्या डब्यातूनबी गोड लागतं. माणसाचं बोलणं लाव. आन् आवाज एकदम बारीक कर. बारीक आवाजात 'श' आन् 'स' येगळा आला तर माल खरा. मोठ्या आवाजात तर समदेच मर्द." एकदा एक गृहस्थ गाडीतून उतरले आणि पोरासाठी दुकानातला सगळ्यात महाग हेडफोन काढायला सांगितला. मामूंनी पोराला स्टुलावर बसवलं. दहाव्या मिनिटाला पोरगं कान चोळायला लागलं, तेव्हा मामूंनी तो काढून घेतला आणि त्याच्या तिसऱ्या हिश्शात येणारा दुसरा पुढं केला. गृहस्थांना तो अपमान वाटला, ते पोराला घेऊन तरातरा निघून गेले. मामू म्हणाले, "जाऊ द्या. किंमत दुकानात कळत न्हाई, तिसऱ्या महिन्यात कळती."

मी नायगावची. वडील शिलाईकाम करायचे. दहावीला बरे मार्क पडले आणि सगळ्या गल्लीनं मला डॉक्टर करून टाकलं. लातूरला आम्ही एका हॉलमध्ये आठ पोरी राहायचो आणि आठही जणी मोठ्यानं पाठ करायच्या. खाली मेसची भांडी, समोर मंगल कार्यालय. वर्गातले तास मोबाईलवर पुन्हा ऐकायचे तर हेडफोनशिवाय गत्यंतर नव्हतं. माझी जीभ लहानपणापासून तिखट. मामूंनी पाऊण तास बसवून ठेवलं तेव्हा मी फटकन म्हणाले, "मामू, हेडफोन विकायलात का स्थळ बघायलात?" ते मनापासून हसले. "स्थळ चुकलं तर माणूस निभावून नेतो बेटा. हेडफोन चुकला तर रोज चार तास कान खातो." शेवटी एक साधा, काळा, बिननखऱ्याचा हेडफोन त्यांनी मला दिला. सरळ लावला, उलटा लावला, दोन्हीकडून छान ऐकू आलं. त्या दिवशी माझे दोन्ही कान शाबूत होते, हे मला आज पक्कं सांगता येतं ते केवळ त्यामुळंच.

दिवाळीनंतर एके दिवशी सकाळी हेडफोनची डावी बाजू बसल्यासारखी वाटली. आवाज लांबून यायला लागला, आणि मागं बारीक घूंऽऽ असं काहीतरी. मी वायर हलवली, पिन पुसली, हेडफोन मांडीवर आपटून पाहिला. आठवडाभर तशीच रेटली आणि मग डोक्यात तिडीक घेऊन दुकान गाठलं. दुकानात ही गर्दी. मी पायरीवरूनच ओरडले, "चांगला माल म्हणून गळ्यात मारलात, डावी बाजू मेली की ह्याची!" मामूंनी हेडफोन स्वतःच्या कानाला लावला. "चालू हाय की. उलटं लावून बघ, बेटा." मी म्हणाले, "मला काय लहान लेकरू समजलात का? बदलून द्या." चार गिऱ्हाइकांसमोर तमाशा नको म्हणून असेल, त्यांनी मुकाट्यानं दुसरा डबा दिला. मी तो तिथं उघडूनसुद्धा बघितला नाही.

खोलीवर येऊन लावला तर त्याचीही डावी बाजू मेलेली. मग मात्र माझा पारा असा चढला, की तिसऱ्या दिवशी मी हदगावच्या पल्लवीला, माझ्या शेजारच्या कॉटवरच्या मैत्रिणीला, भांडायला म्हणून सोबत नेलं. दुपारची वेळ, दुकानात आम्ही दोघीच. मी तोंड उघडायच्या आत मामूंनी हेडफोन माझ्या हातातून घेतला आणि या खेपेला काही न विचारता माझ्या डोक्यावर उलटा चढवला. मोबाईलवर एका बाईचं बोलणं लावलं. जी बाजू मेली म्हणून मी भांडायला आले होते, ती आता उजव्या कानावर होती. ती खणखणीत बोलत होती. आणि चांगली बाजू, डाव्या कानावरची, गप्प.

पायाखालची जमीन सरकली असं लिहिणार होते, पण लातूरबद्दल लिहिताना ते शब्द वापरायला हात धजत नाही. एवढंच सांगते, की मला समोरचं काचेचं कपाट दिसत होतं आणि त्यात काय ठेवलंय ते कळत नव्हतं. मामूंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुठून आलं?" आणि मी, तिखट जिभेची मी, घाबरून म्हणाले, "दोन्हीकडून. येतंय की. ठीक आहे, जाऊ द्या." का म्हणाले? दोनच दिवसांनी, रविवारी, शिकवणीची परीक्षा होती. कान गेला म्हटलं की वडील घेऊन जाणार, वर्ष बुडणार, गल्लीतली डॉक्टरीण शिलाई मशीनवर बसणार. हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. कान गेला तर काय होईल, ते मात्र मनात आलंच नाही.

मामूंचा चेहरा मी कधी विसरणार नाही. चिडलेले नव्हते, भ्यायलेले होते. "खोटं बोलू नको गं," ते एकदम मोठ्यानं ओरडले. "खोटं नको बोलू! तीबी मुंडी हलवायची!" पल्लवी दचकून मागं सरली. कोण मुंडी हलवायची, आम्हाला काही कळेना. भर दुपारी, धंद्याच्या वेळेला मामूंनी शटर ओढलं, रिक्षा थांबवली आणि आम्हा दोघींना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. मी रिक्षात रडत होते, परीक्षा परीक्षा करत होते.

दवाखान्यात नंबर यायला वेळ होता. तिथं बाकड्यावर बसून त्यांनी ते सांगितलं. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मामू तरुण होते, रेडिओ दुरुस्त करायचे. गावं गेली आणि उरलेली माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आली. तिकडचा एक बाप छोटा रेडिओ घेऊन मामूंकडे आला. आई गेलेली, सहा-सात वर्षांची पोरगी मात्र ढिगाऱ्यातून जिवंत निघालेली. रात्रंदिवस रेडिओ कानाशी धरायची. शेडमध्ये शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून बापानं एका कानात घालायचा इअरफोन आणून दिला होता, आणि पोरगी म्हणत होती तो बोलत नाही.

"म्या कानात घालून बघितला, चालू होता," मामू सांगत होते. "तरी दुसरा दिला. पंधरा दिवसांनी बाप पुन्हा आला. बोलत न्हाई म्हणती. म्या तिसरा दिला, भारीतला. मग तो पोरीलाच घेऊन आला. म्या तिच्या कानात घातला, आवाज फुल्ल केला. म्हटलं, येतंय का? तिनं बापाकडं बघितलं आन् मुंडी हलवली. म्या म्हटलं, झालं काम. त्या एका कानात घातला तो दुसऱ्या कानात घालून बघितला न्हाई, बेटा. नुसता हिकडचा तिकडं करायचा होता. लई दिवसांनी बाप भेटला. दोन्ही कानांत पू झाला व्हता. डॉक्टर म्हणले, पयल्यांदा रेडिओ आणला तवा पोरगी आणली असती, तर एक तरी वाचला असता. आता कायबी ऐकू येत न्हाई तिला." मग ते म्हणाले, "रेडिओ चांगलाच होता. म्या तीन खेपा चांगल्या रेडिओचा इलाज केला."

पल्लवी हुंदके देत होती. ज्या गोष्टीवर आम्ही इतके महिने हसलो, नकला केल्या, वसतिगृहाच्या गॅदरिंगमध्ये मी स्वतः मामू होऊन टाळ्या घेतल्या, ती गोष्ट ही होती. माझी मलाच इतकी शरम वाटली, की त्यांच्याकडे मान वर करून बघवेना.

डॉक्टरांनी कान तपासला आणि विचारलं, किती दिवस झाले? मी म्हणाले, दहा. कानाच्या नसेचा त्रास आहे, कशामुळं ते नक्की सांगता येणार नाही, पण आणखी पंधरा दिवसांनी आला असतात तर माझ्या हातात काही उरलं नसतं, असं ते म्हणाले. इतक्या साध्या आवाजात म्हणाले, म्हणून मला जास्तच धडकी भरली. आणखी पंधरा दिवस! मी तर दुकान बदलायचं ठरवत होते.

वडील रात्रीतून निघून सकाळी पोचले, गळ्यात मापाची टेप तशीच. सगळं ऐकून घेतल्यावर ते कपाळाला हात लावून म्हणाले, "फोनवर मी बोलायलो तर तू सारखं काय-काय म्हणायलीस. मला वाटलं रेंज न्हाई." मग त्यांनी मामूंचे दोन्ही हात धरले. नायगावचा शिंपी आणि लातूरचा हेडफोनवाला, दवाखान्याच्या दारात हात धरून उभे. परीक्षा गेली, त्यानंतरच्या दोन परीक्षाही गेल्या. गोळ्या, इंजेक्शनं, आराम, आणि दिवसातून दहा वेळा डाव्या कानाशी हातातलं घड्याळ धरून बघणं.

तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली. बंद खोलीत बसवतात, कानावर हेडफोन देतात, बारीकसा सूर ऐकू आला की हात वर करायचा. उजवा कान झाला. मग डावा. कितीतरी वेळ काहीच नाही. मी डोळे घट्ट मिटले होते. आणि मग आला. इतका बारीक, की खरा का भास ते समजेना. मी हात वर केला. पुन्हा आला, पुन्हा वर केला. बाहेर आले तर वडील हसत होते, आणि मामू भिंतीकडे तोंड करून तोंडाशी रुमाल धरून रडत होते, लहान पोरासारखे, आवाज करून. दवाखान्यातली माणसं बघायला लागली. त्यांना त्याचं भान नव्हतं.

कान पुरता परत आला नाही. अगदी चिरके, बारीक आवाज डावीकडून आजही येत नाहीत. पण माणसाचं बोलणं येतं. डॉक्टरकीला नंबर लागला नाही, चार दिवस रडले, आणि नांदेडला फार्मसीला गेले. आता माझं स्वतःचं औषधाचं दुकान आहे. मामू जाऊन तीन वर्षं झाली, आणि ती बातमी मला महिन्यानंतर कळली, याचं मला फार वाईट वाटतं.

लातूर सोडायच्या दिवशी मी त्यांना भेटायला गेले होते. ते कपाटाची काच पुसत होते. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग मला राहवेना. मी विचारलं, "मामू, त्या भूकंपातल्या पोरीचं नाव काय होतं?"

त्यांचा काचेवरचा हात थांबला.

"रेडिओ लाल होता," ते म्हणाले. "चामड्याच्या कव्हरचा. एक बटण तुटलं व्हतं, त्याच्या जागी बापानं बाटलीचं बूच बसवलेलं. एरियल वाकडी. तीनदा आला माझ्याकडं, तीनदा म्या त्याला दुरुस्तीची चिठ्ठी बांधली." ते काचेकडेच बघत राहिले. "पोरीचं नाव न्हाई विचारलं, बेटा."