चिठ्ठीची कोरी बाजू

सहा आठवड्यांपूर्वी, शनिवारी सकाळी, मी दुसऱ्या दिवशीच्या उपासनेसाठी साडीला इस्त्री करत होते, तेव्हा वेई लिआंगचा फोन आला. "आंटी, सॅम उठतच नाहीये..." एवढंच तो इंग्रजीत बोलू शकला. कंपनीच्या बसने रोज जुरोंग आयलंडच्या कारखान्यात जाणारा, सर्दीचीही रजा न घेणारा माझा धाकटा मुलगा शमुवेल झोपेतच गेला. मुलांनो, परवा तुम्ही फोनवर विचारलंत, "काका तुझ्याकडे का राहत नव्हता?" मी म्हटलं, त्याला काम लांब पडायचं. ते खोटं होतं.

तुमच्या आजोबांच्या नोकरीमुळे आम्ही नगरहून इथे सिंगापूरला आलो, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. आमच्या लहानशा मराठी ख्रिस्ती मंडळीत पेटी वाजवायला कुणी नव्हतं. तो बसला, तो पंचवीस वर्षं उठला नाही. मग एकदा जेवताना त्याने सांगितलं, की वेई लिआंग त्याचा नुसता मित्र नाही. मी म्हटलं, "तुला इथली हवा लागली." तो हसला. "आई, नगरला शाळेत होतो तेव्हाही मी असाच होतो. तिथे कुठली हवा होती?"

मी शिस्तीची बाई. अडचण आली, की प्रार्थनेची चिठ्ठी लिहून टोपलीत टाकायची, पाळक ती वाचतात, मंडळी प्रार्थना करते... लहानपणापासून हेच केलं. मी लिहिलं, 'माझा धाकटा मुलगा एका पुरुषाच्या प्रेमात आहे. प्रभूने त्याला सोडवावे.' लोक काय म्हणतील म्हणून खाली माझं नाव घातलं नाही, त्याचंही नाही. पाळकांनी ती मोठ्याने वाचली. मंडळी इनमिन तीस माणसांची. सगळ्या माना पेटीकडे वळल्या. त्याने शेवटचं गीत पूर्ण वाजवलं, भाता बंद केला. घरी येताना एमआरटीच्या गाडीत माझ्याशेजारी उभा राहून तो म्हणाला, "अक्षर मात्र सुंदर होतं हं, आई." आठवड्याभरात तो वेई लिआंगच्या फ्लॅटवर राहायला गेला; मंडळीत पुन्हा आला नाही.

माझे आजोबा ख्रिस्ती झाले तेव्हा गावाने त्यांचं पाणी बंद केलं आणि मंडळीने त्यांना जवळ केलं, ही गोष्ट तुम्हाला मी कितीदा सांगितली! त्यातलं गाव आपणही होऊ शकतो, हे कधी सुचलं नाही. पवित्र शास्त्रासाठी केलं, असं मी म्हणत आले. पण माझं भय शास्त्रातलं नव्हतं. ते त्या गावातलंच होतं, आम्ही बरोबर आणलेलं.

नंतर तीन वर्षं, दर रविवारी त्याचा फोन यायचा. "आज शेवटी कुठलं गीत झालं?" मी सांगायची. वेई लिआंग कसा आहे, एवढं एकदाही विचारलं नाही. अंत्यविधीला वेई लिआंग शेवटच्या बाकावर बसला होता. पुढे ये, असं मी म्हणू शकले असते...

पंधरा दिवसांपूर्वी तो सॅमचं गीतांचं पुस्तक देऊन गेला. त्या दिवशीच्या शेवटच्या गीतापाशी माझी चिठ्ठी आहे, खूण म्हणून ठेवलेली. टोपलीतून सॅमने ती कधी उचलली, कोण जाणे. मागची बाजू कोरी होती. रविवारी मी पेन घेऊन बसले आणि या वेळी नाव गाळलं नाही: वेई लिआंग. त्या नावापुढे काय मागायचं ते मात्र अजून लिहिता आलेलं नाही. सोडवण्याची प्रार्थना मी एकदा केली आहे.