नकाशाबाईंच्या नावाने गेलेली उत्तरं

भूगोल शिकवणाऱ्या बाईंना मुलं पाठीमागे नकाशाबाई म्हणायची, आणि बाईंना ते ठाऊक होतं. सातवीचा वर्ग त्यांच्याकडे होता, अठ्ठावन्न मुलांचा. शिकवण्याचा त्यांना कधी कंटाळा आला नाही. पण प्रश्नपत्रिका, प्रगतिपुस्तकातले शेरे आणि शाळेच्या अ‍ॅपवर दिवसभर येणारे पालकांचे मेसेज, यांनी त्यांच्या नाकी नऊ आणले होते. भाजी फोडणीला टाकून त्या उत्तरं लिहायला बसायच्या आणि भाजी करपायची.

धाकट्या बहिणीला ते बघवेना. एका रविवारी तिने बाईंच्या फोनमध्ये चॅटबॉट घालून दिला. म्हणाली, "ताई, लिहायचं काम याचं. तू फक्त नजर टाक."

खोटं कशाला बोला, फरक पडला. दोन संध्याकाळी खाणारी प्रश्नपत्रिका पाऊण तासात तयार झाली. त्यात एक नदी उलट्या दिशेला वाहत होती. ती चूक पकडताना बाईंना उगाचच बरं वाटलं. कित्येक वर्षांनी त्यांचा दुपारी डोळा लागला.

मग मेसेजची पाळी आली. सुरुवातीला बाई प्रत्येक उत्तर दोनदा वाचून, एखादा शब्द बदलून पाठवत. महिन्याभरात पहिल्या ओळीवर भागायला लागलं. पुढे बहिणीने एक बटण दाखवलं. ते दाबलं की उत्तरं बाईंच्या नावाने आपोआप जात आणि संध्याकाळी नुसती यादी येई : ताप, रजा, उत्तर दिले. पालक खूश होते. शाळेच्या फाटकात एक आई म्हणाली, "बाई, हल्ली तुम्ही किती गोड बोलता." बाई हसल्या, पण घरी पोचेपर्यंत ते वाक्य त्यांच्या मनातून जाईना.

याच दिवसांत भिंतीकडच्या तिसऱ्या बाकावरची एक मुलगी यायची बंद झाली. अंगाने लहानखुरी, अबोल. नकाशा रंगवताना तिचा रंग कधी रेषेबाहेर जायचा नाही. हजेरीत लाल फुल्या पडत गेल्या. बाईंनी यादी पाहिली, तर वडिलांचे मेसेज वेळच्या वेळी येत होते. आधी ताप, मग अशक्तपणा, मग हवापालटासाठी नातेवाइकांकडे. बाई निर्धास्त झाल्या.

पंचविसाव्या दिवशी कारकून तिचा प्रवेश अर्ज आणि पटावरून नाव कमी करायचा कागद घेऊन आला. सही करण्याआधी बाईंनी चॅटबॉटला सगळ्या मेसेजचा सारांश विचारला. उत्तर आलं : पालक सहकार्य करणारे आहेत, मुलीच्या प्रकृतीत सुधारणा आहे, काळजीचे कारण नाही.

बाईंनी पेनचं टोपण काढलं आणि त्यांची नजर अर्जावरच्या पालकांच्या सहीकडे गेली. तिथे सही नव्हतीच. निळा अंगठा होता. शाईच्या गादीवर तो बाईंनीच टेकवून घेतला होता. बाप गवंडी, बायको वारलेली. ओशाळून म्हणाला होता, लिहिता-वाचता येत नाही, पोरगीच सगळं वाचून दाखवते.

मग इतकं घोटीव कोण लिहीत होतं?

शिक्षकांच्या खोलीत बसून बाईंनी सगळे मेसेज पहिल्यापासून वाचायला घेतले. एका बाजूला बापाच्या नावाने आदरपूर्वक कळवणारी लांबलचक वाक्यं, दुसऱ्या बाजूला त्यांच्या नावाने लवकर बरे वाटो म्हणणारी तितकीच लांब वाक्यं. वाचता वाचता कोण कुठलं तेच कळेना. आणि मध्येच, नवव्या दिवशी, एक तोडकी ओळ होती.

"बाई मला न्यायला या."

त्याखाली, त्याच मिनिटाला, बाईंच्या नावाने उत्तर गेलं होतं : "आपल्या संदेशाबद्दल आभार. शाळेकडे सध्या विद्यार्थ्यांच्या ने-आणीची सोय नाही, त्याबद्दल क्षमस्व. अधिक माहितीसाठी कार्यालयाशी संपर्क साधावा."

बाईंनी तो अर्ज पर्समध्ये घातला.

पुढचा तास त्यांनी बुडवला. अर्जावरच्या पत्त्यावर शिंपीकामाच्या कारखान्यामागे एक खोली होती, दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, बाप बांधकामाच्या परांचीवरून पडला, महिना होत आला, दवाखान्यात आहे. मुलीला चुलता घेऊन गेला, बापाचा फोनही त्याच्याकडेच. कुठे गेले ते तिला ठाऊक नव्हतं.

दारातच उभं राहून बाईंनी बापाच्या नंबरवर फोन लावला. तो कापला गेला. मग त्यांनी स्वतःच्या बोटांनी लिहिलं, "मुलीशी बोलायचं आहे. आत्ता." क्षणात उत्तर हजर : "आपल्या आपुलकीबद्दल मनःपूर्वक आभार. मुलगी सुखरूप असून सध्या विश्रांती घेत आहे." बाई ते दोन वेळा वाचून तडक पोलीस चौकीत गेल्या.

तिथल्या अंमलदाराने सगळं लिहून घेतलं. शेवटी विचारलं, मुलीने मदत मागितल्याला किती दिवस झाले. सोळा, बाई म्हणाल्या. त्याने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि आकडा लिहिला.

मुलगी सापडायला आणखी अकरा दिवस लागले. दुसऱ्या शहरात, खोकी बांधायच्या गोदामात. चुलत्याकडच्या बापाच्या फोनमध्येही तसाच चॅटबॉट निघाला. एकदा तो फोन ठेवून बाहेर गेला, तेवढ्यात तिने ती ओळ लिहिली होती. उत्तर वाचून त्याने तिला दाखवलंही होतं.

बाई दवाखान्यात गेल्या तेव्हा ती बापाच्या खाटेशी बसली होती. बोटांवर खोकी बांधायच्या दोरीचे काप होते. खाली बघतच तिने विचारलं, "बाई, ते तुम्ही लिहिलं होतं?"

"नाही," बाई म्हणाल्या. जरा थांबून त्यांनी पुढचंही सांगितलं. "पण मी वाचलंही नाही."

मुलीने मान हलवली आणि बापाचं पांघरूण सारखं केलं.

घरी येऊन बाईंनी ते बटण बंद केलं. प्रश्नपत्रिकेपुरता चॅटबॉट ठेवला. मग उरलेल्या सत्तावन्न घरांचे मेसेज पहिल्यापासून उघडले. अकराव्या घरापाशी त्या थांबल्या. एका मुलाची आई तीन आठवडे रोज त्याच वेळी, जवळजवळ त्याच शब्दांत त्याच्या रजेचं लिहीत होती. बाईंनी नंबर लावला. घंटा वाजत राहिली, कोणी उचलला नाही.