सत्तावीस नंबरचं सील

“सही करणार नाही म्हटलं ना? मग तो कागद माझ्या कणकेपासून लांब ठेव,” विजयालक्ष्मी म्हणाली आणि तिनं परातीत गोळा आपटला.

“आई, मतलब तू ऐकूनच घेत नाहीस!” अनिरुद्धनं कागद उचलला, पण खिशात घातला नाही. “परवा शेवटचा दिवस आहे. दोनदा लिलाव लागला, दोन्हीदा कुणी फिरकलं नाही. बँकेनं किंमत खाली आणलीय. ऐन समोरचं घर! असा चान्स परत येणार आहे का?”

“समोरचं घर द्वारकाचं आहे.”

“होतं,” हरिभाऊ वर्तमानपत्राआडून म्हणाले.

“पाटी अजून दारावर आहे. तुम्ही जाऊन काढून आलात की काय?”

गार्गी, सून, जयपुरातच वाढलेली. तिच्या मराठीला हिंदीचा आधार लागे. “आई, गाडी रोज गल्लीच्या तोंडाशी लावावी लागते. तिथे पार्किंग होऊन जाईल. आणि आमच्या यशसाठी वर स्टडी.”

“होऊन जाईल! ज्या ओट्यावर तुझा नवरा पहिलं पाऊल टाकायला शिकला, तिथं गाडी लाव. चाक जरा जपून फिरव म्हणजे झालं.”

गार्गीनं कुकर गॅसवर चढवला. अनिरुद्धला ती ओट्याची गोष्ट ऐकून ऐकून पाठ झाली होती.

बत्तीस वर्षांपूर्वी हरिभाऊंची विमा कंपनीतून बदली झाली आणि वाईची विजयालक्ष्मी सहा महिन्यांचं मूल कडेवर घेऊन जयपूरच्या शास्त्री नगरात उतरली. नऊ घरं पाहिली. प्रत्येक ठिकाणी आधी विचारलं जाई, कुठले तुम्ही, काय खाता, पाहुणे किती येतात. आणि मग खोली अचानक कुणा भाच्यासाठी राखून ठेवलेली निघे. दहावं घर सत्तावीस नंबरचं. दारात द्वारकाची सासू बसली होती. मूळची जवळच्याच बगरू गावची, घरात पिढ्यान्‌पिढ्या कापडावर ठसे मारायचा धंदा, हाताची नखं निळी. तिनं काहीच विचारलं नाही. पोराला उचलून घेतलं आणि म्हणाली, “पहले इसको सुलाओ, सामान बाद में.” त्या घरात ही माणसं चार वर्षं राहिली. मग समोरचंच घर विकत घेतलं, कारण विजयालक्ष्मीला ती गल्ली सोडवेना.

गल्लीनंही तिला धरून ठेवलं ते तिच्या अक्षरासाठी. वळणदार, ठसठशीत. गॅसचं कनेक्शन, शाळेतला प्रवेश, म्हातारीची पेन्शन, जे काही छापील रकान्यात भरायचं असे ते तिच्याकडे येई. लोक तिला फॉर्मवाली आंटी म्हणत. दुपारी चार ते पाच ती चष्मा लावून ओट्यावर बसे. कुणाकडून एक पैसा घेत नसे, ताकाचा पेला मात्र नाकारत नसे. पुन्हा बदलीची वेळ आली तेव्हा हरिभाऊंनी बढती सोडली. त्याचं श्रेय ते आजही स्वतःकडे घेतात. खरं म्हणजे ती हललीच नव्हती.

“हे बघ आई,” अनिरुद्धनं खुर्ची ओढली. “द्वारका आंटीचं वाईट झालं, मान्य. बजरंग अंकल गेले, घरावरच्या कर्जाचे हप्ते थकले. पण दीड वर्ष घर सीलबंद पडलंय. बँकेनं एक नोटीस डकवली, नगर निगमनं कचऱ्याची दुसरी. नळ तोडला. आत कुत्र्यांनी पिल्लं घातलीत. कुणीतरी घेणारच ना? मग आपण का नाही?”

“घर रिकामं ठेवायला सगळे आहेत. त्यात माणूस ठेवायचा म्हटलं की एकजण सापडत नाही.”

“तू त्यांची वकील आहेस का?”

“वकील असते तर बरं झालं असतं. मी आरोपी आहे.”

हरिभाऊंनी वर्तमानपत्र खाली केलं.

विजयालक्ष्मीनं हात धुतले, पदराला पुसले आणि फ्रिजवरच्या डब्याखालून एक घडी पडलेला कागद काढून टेबलावर ठेवला. “वाच. मोठ्यानं.”

अनिरुद्धनं वाचलं. घरासाठी सरकारी मदतनिधीचा अर्ज, सहा वर्षांपूर्वीचा. अक्षर आईचं. महिला मालकाच्या नावापुढे लिहिलं होतं: द्वारका बजरंगलाल छीपा. वर लाल पेनानं हिंदीत शेरा, नाव ओळखपत्राशी जुळत नाही, अर्ज परत.

“मग? बरोबर तर आहे,” हरिभाऊ म्हणाले.

“आपल्याकडे बरोबर. बाईचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. माझा हात तसाच चालला. इथं ती द्वारका देवी. आधारवर द्वारका देवी, घराच्या कागदावर द्वारका देवी, पत्नी बजरंगलाल. तीस वर्षं या गल्लीचे फॉर्म भरते, कधी चुकले नाही. समोर बसलेल्याचं ओळखपत्र बघून लिहायचे. हिचं बघितलं नाही. हिला काय बघायचं, आपलीच तर आहे!”

“परत आला तेव्हा दाखवायचा होता त्यांनी,” गार्गी म्हणाली.

“दाखवणार होती. मग तिनं माझं अक्षर पाहिलं. आंटीनं लिहिलंय म्हणजे चुकीचं कसं असेल, साहेबाला पैसे खायचे असतील, असं म्हणून तिनं तो देवाच्या तसबिरीमागे खोचला. निधी मिळाला असता तर कर्ज निम्म्यावर आलं असतं. बजरंग गेल्यावरही ते तिला ठसे मारून झेपलं असतं. गेल्या महिन्यात बगरूला तिच्या भावाकडे गेले तेव्हा तिनं घरातून नेलेली तसबीर पुसताना हा माझ्या हातात दिला. वर मलाच विचारते, आंटी, अब भी चलेगा क्या?”

कुकरची शिटी झाली. गार्गीनं गॅस बारीक केला.

“मालवीय नगरला निधीच्या ऑफिसात तीनदा जाऊन आले,” ती म्हणाली. “भजनाला जाते म्हणून सांगत होते ना, ते हे. तिथला बाबू भला आहे. म्हणतो, दोन नावांची बाई एकच आहे असं प्रतिज्ञापत्र द्या, अर्ज पुन्हा उभा राहील. निधीत पैसे पडून आहेत. पण घर सील असताना देता येत नाहीत. आधी घर सोडवा, मग या. बँकेत गेले. ते म्हणतात, आधी पैसे भरा, मग सील काढू. आणि लिलावात घर गेलं की दोन्हीकडचा विषय संपला.”

“म्हणजे अडकलंच,” अनिरुद्ध म्हणाला. त्याच्या आवाजातला जोर कमी झाला होता, तरी त्यानं तो बोलीचा कागद गुळगुळीत केला. “आपण नाही घेतलं तर दुसरा घेईल. त्यानं आंटीचा काय फायदा?”

“विजू, चूक झाली, मुद्दाम नाही झाली,” हरिभाऊ मऊ आवाजात म्हणाले. लग्नानंतर इतक्या वर्षांत हा आवाज ते फक्त तिच्याकडून काही हवं असलं की काढत. “तू त्यांना इतकी मदत केलीस. बोलीत घालायचे ते पैसे तुझ्या वडिलांचे आहेत. वाईच्या घराचा वाटा. घरातच राहू देत. यशच्या नावानं घर होईल.”

“माझ्या वडिलांच्या घराचा वाटा मला मिळाला तेव्हा भाऊ काय म्हणाला होता, आठवतं? लग्न झालेल्या बाईचं कसलं घर. तुम्ही त्याच्याशी दोन वर्षं बोलला नाहीत.”

“ती गोष्ट वेगळी.”

“वेगळी कशी? तिथं बाई मी होते, म्हणून?”

हरिभाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.  यश आतून येऊन दाराशी उभा राहिला. त्याला भूक लागली होती.

विजयालक्ष्मीनं अनिरुद्धच्या हातातून बोलीचा कागद घेतला. फाडला नाही. त्याची चौघडी करून डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली आणि टेबल हलवून पाहिलं. मग तिनं पहिली पोळी लाटून तव्यावर टाकली आणि पाठमोरीच बोलली.

“उद्या दहाला मी बँकेत जाणार. ठेव माझ्या एकटीच्या नावावर आहे, ती मोडणार आणि द्वारकाचं थकलेलं सगळं कर्ज भरणार. सील निघेपर्यंत तिथून उठणार नाही. मग तिला घेऊन मालवीय नगरला. निधी आला तर ती मला परत करेल, नाही आला तर नाही. घर साफ होऊन नळ जोडेपर्यंत ती आणि तिची मुलगी आपल्या वरच्या खोलीत राहतील. गार्गी, तिथला तुझा व्यायामाचा पसारा सकाळी काढून ठेव. आणि उद्याचे डबे मी करणार नाही, ते तुम्ही तिघं बघा. ताटं घ्या.”