विषाणू आणि बावड्यातली खोली

संशोधनाचं काम नुकतंच सुरू केलं होतं, तेव्हा मी कसबा बावड्यात भाड्याची खोली बघायला गेलो. घरमालकीण उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. नजर मात्र माझ्यावर होती, त्यामुळं ती मलाच सोलत असल्यासारखं वाटत होतं.

"काय करतासा, पावणं?"

"विषाणूंवर काम करतो, मावशी."

तिनं लसणाची सुपली झटक्यात मागं ओढली. "रोगाचं जंतू? आन् हितं ऱ्हाणार?"

एकट्या पोराला खोली द्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. मी घाईघाईनं समजावलं, "काही विषाणू पेशीत शिरतात आणि आपली जनुकं तिथं कायमची बसवतात. आम्ही त्यांतली रोगाची जनुकं काढतो, आजाऱ्याला हवं असलेलं चांगलं जनुक भरतो आणि मग त्यांना आत पाठवतो."

तिचा हात थांबला. "म्हंजे आमच्या धाकल्या दिरागत की! चार दिसांसाठी आलता, घरातच मुरला. आता मी त्येला दळणाचा डबा दिऊन धाडती."

"अगदी तसंच!" मला वाटलं, खोली मिळाली.

"आन् आत गेल्यावर त्यो कुठं बसंल, हे तुमच्या हातात असतंय?"

"नाही. तीच तर अडचण आहे."

"आमचा टीव्हीम्होरं बसलाय." तिनं पुन्हा लसूण उचलला. "समदं कळलं बगा, पावणं. पण खोली न्हाय मिळायची. शिरलेला एक निघंना, दुसरा कशाला घिऊ?"

आतून कुणीतरी चहा मागितला.

आपला विषय इतका नीट समजावल्याचा पस्तावा मला आयुष्यात तेवढा एकदाच झाला.