अतिचालक संधी

माझं मराठी घरातलं. त्यात भांडता येतं, लोणचं मागता येतं, आरती म्हणता येते. भौतिकशास्त्र मात्र त्यात कधी आलंच नाही. ते मी देवासच्या शाळेत हिंदीत शिकले आणि पुढे इंग्रजीत. तरी नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला न विचारता गावच्या मराठी मंडळाच्या गणपतीत माझं व्याख्यान ठरवून टाकलं. तेही मराठीत.

"नाना, मला नाही जमणार," मी फोनवर चिडलेच.

"जमव. लोक विचारतात, लेक काय करते. मी म्हणतो, कॉम्प्युटरमधे आहे. किती वर्षं हेच सांगू?"

आपल्या लेकीचं काम आपल्याला सांगता येत नाही, हे त्यांना टोचत होतं. ऐकून मलाही टोचलं.

माझं काम सुपरकंडक्टरच्या जंक्शनवरचं. मग त्यासाठी शाळेतले हिंदी शब्द आठवले. सुपरकंडक्टर म्हणजे अतिचालक, जंक्शन म्हणजे संधि. ऱ्हस्व वेलांटी दीर्घ केली की झालं मराठी, असा माझा हिशेब.

व्याख्यानाला नाना पहिल्या रांगेत होते, शेजारी धारहून मुद्दाम आलेली आत्या. मी सांगितलं, काही धातू अतिशय गार केले की त्यांतून वीज जराही न अडता वाहते. असे दोन तुकडे घ्यायचे, मधे अगदी पातळ पडदा ठेवायचा, तरी वीज पलीकडे जाते. हीच अतिचालक संधी. माझं दुसरं काम कॉम्प्युटरच्या मेमरीचं. एका पदार्थाला विजेचा धक्का दिला की तो एका बाजूला वळतो, आणि वीज गेली तरी तसाच राहतो. उलटा धक्का द्याल तेव्हाच फिरतो. माना डोलत होत्या. मला वाटलं, जिंकलं.

मग गल्लीतले किराणावाले काका उठले. "बेटा, या संधीचे फॉर्म कधी निघतात? आमचा पोरगा बी.एस्सी. होऊन घरीच बसलाय."

"भिया, ती अतिचालाक लोकांना मिळते. तुमचा भोळा आहे," मागून कोणीतरी भैयाचा भिया करत म्हणालं.

सगळे हसले. माझे कान तापले. नाना खाली बघत होते, ते बघवेना. मग गुडघ्यावर हात टेकून ते उठले.

"अहो, सांधा म्हणतेय ती. हा माझा गुडघ्याचा सांधा थंडीत आखडतो, कुरकुरतो. हिचा सांधा थंडीतच चालतो, आणि कुरकुर अजिबात नाही."

"आणि ते मेमरीचं?" काकांनी विचारलं.

"ही माझी बहीण. माझ्या लग्नात हिची मानाची साडी राहून गेली. वीज येवो नाहीतर जावो, ही विसरलेली नाही. उलटा धक्का दिल्याशिवाय फिरायची नाही."

"दादा, तुम्ही घरी तर चला," आत्या म्हणाली, पण तिलाही हसू आवरत नव्हतं.

घरी येताना मी म्हटलं, "सांधा हा शब्द आधी का नाही दिलात?"

"तू काय करतेस हे आधी मला तरी कुठे ठाऊक होतं?" नाना म्हणाले.

थंडीत त्यांचा फोन आला. पूर्वी पहिला प्रश्न असायचा, जेवलीस का.

"तुझे सांधे काय म्हणतात?"

"गार आहेत, मजेत आहेत. तुमचे?"

"माझ्यांचं राहू दे. तुझ्यांचं सांग."