ताठमास्तरांची मापं

ताठमास्तरांचं शिंपीकाम गल्लीत नावाजलेलं होतं आणि स्वभाव त्याहून. दुकानात पाऊल टाकणाऱ्या गिऱ्हाइकाला ते आरशासमोर उभं करायचे, गळ्यातली टेप सपकन ओढायचे आणि हुकूम सोडायचे, "ताठ! पोट आत! श्वास रोखा!" गिऱ्हाईक लालबुंद होईपर्यंत माप चालायचं. त्यांचं खरं नाव विचारलं असतं तर सख्ख्या मेहुण्यालाही डोकं खाजवावं लागलं असतं.

आता कुणी म्हणेल, पोट आत घेऊन माप दिलं तर कोट पोटावर बसणार कसा? हा प्रश्न मास्तरांना विचारायची सोय नव्हती. माणूस आहे कसा, हे बघायला रस्त्यावरचा कुणीही रिकामटेकडा पुरे. माणूस असावा कसा, हे शिंप्याला कळलं पाहिजे, असं त्यांचं मत. एखाद्याचा एक खांदा उतरता असला तरी ते दोन्ही खांदे सारखेच कापायचे. "खांदे सारखे असावेत. नसतील तर ती खांद्यांची चूक. सुधारतील."

आणि गंमत म्हणजे ते सुधारायचे! कोट न्यायला आलेलं गिऱ्हाईक तो अंगात घालायचं आणि कोट असा बसायचा की पाठीला चुणी नाही, बटणाला ताण नाही. मास्तर चष्मा कपाळावर सरकवून बायकोला म्हणायचे, "बघितलंस? पोट जागेवर आलं! अजून कोट अंगाला लागला नव्हता, नुसत्या मापाच्या धाकानं!"

"हो ना," मास्तरीणबाई म्हणायच्या आणि मान खाली घालून काजं करत राहायच्या. काजं, बटणं आणि इस्त्री हा त्यांचा विभाग, आणि तो मागच्या खोलीत, पडद्याआड चालायचा.

एकदा बँडवाल्यांनी नवे कोट शिवायला टाकले. नदीवरच्या नव्या पुलाच्या उद्घाटनाला त्यांना वाजवायचं होतं. भोंगेवाल्याचं पोट भोंग्याशी स्पर्धा करणारं, बासरीवाला पाठीत वाकलेला, ड्रमवाल्याचा उजवा दंड डाव्याच्या दुप्पट. मास्तरांना स्फुरण चढलं. एवढी सुधारणा एकाच ठिकाणी करायला मिळणं म्हणजे भाग्यच. सगळ्या गल्लीला त्यांनी उद्घाटनाचं आमंत्रण देऊन टाकलं, "या बघायला, बँड कसा असावा ते!" दुकानाची अब्रू आता त्या कोटांवर अवलंबून होती.

नेमकी तेव्हाच मास्तरीणबाईंची बहीण जिन्यावरून घसरली आणि पाय मोडून बसली. तिच्याकडे निघताना बाईंचा पाय उंबऱ्यातून निघेना.

"मी आल्याशिवाय कोट देऊ नका हं."

"का?"

"इस्त्री राहील ना."

"मला इस्त्री येत नाही? शिंप्यानं कोट वेळेवर द्यावा."

"मग शिवणीत माया तरी भरपूर ठेवा."

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड राखून ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. मास्तर एरवी बायकोच्या हट्टापायी ती ठेवायचे. "माया चुकणाऱ्यांना लागते," असं म्हणून या वेळी त्यांनी सगळी कापून टाकली आणि उद्घाटनाच्या सकाळी कोट पोचते केले. घालून बघायला कुणाला सवडच मिळाली नाही.

पुलाच्या तोंडाशी गर्दी जमली होती. गल्लीतल्या मंडळींना घेऊन मास्तर अगदी पुढे उभे राहिले. बँड आला तो काय ताठ! कुणाची मान वळत नव्हती, कुणी वाकत नव्हतं. मास्तरांचे डोळे भरून आले.

मग बँडच्या म्होरक्यानं हात वर केला. म्हणजे करायला घेतला. हात बरगडीपर्यंत आला आणि तिथेच राहिला. ड्रमवाल्याची काठी ड्रमच्या अलीकडे हवेत फिरू लागली. बासरीवाल्याला बासरी तोंडाशी नेता येईना, म्हणून तो तोंड बासरीकडे नेऊ लागला, तर कॉलर आडवी आली. एकट्या भोंगेवाल्यानं सवयीनं छातीभर श्वास घेतला. त्याचं मधलं बटण सुटलं आणि धाडकन ड्रमवर आदळलं. हाच इशारा समजून पाहुण्यांनी फीत कापून टाकली. त्या दिवशी बँड वाजला तो एवढाच.

गल्ली हसून हसून गडाबडा लोळायची बाकी होती. मास्तरांनी पाय काढता घेतला. घरी येऊन त्यांनी दाराला कडी घातली. नेहमीसारखेच तर शिवले होते, मग घोड्यानं पेंड खाल्ली कुठे? ताडून बघायला त्यांनी अंगातला स्वतःचाच आवडता कोट काढला आणि अस्तर उसवलं.

पोटाशी शिवण बोटभर सैल केलेली होती. डाव्या खांद्यात कापसाची जाड गादी बसवलेली होती. टाके बारीक, तिरपे, मास्तरीणबाईंच्या हातचे. मास्तर बनियनवर आरशासमोर जाऊन उभे राहिले. डावा खांदा चांगलाच उतरता होता. त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी आरशावर कोट टाकला.

दुसऱ्या दिवशी बाई परतल्या. बातमी त्यांना नाक्यावरच कळली होती.

"सगळ्यांचेच उसवायचीस?" मास्तरांनी विचारलं.

"सगळ्यांचेच."

"मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही काम सोडून बसला असतात. आणि शिवता छान हो तुम्ही. तुमचा हात कुणाला नाही. फक्त मापं तेवढी भलत्याच माणसाची असतात." त्यांनी पिशवी खाली ठेवली. "आणा ते बँडचे कोट, सैल करू."

"माया नाही ठेवली," मास्तर पुटपुटले.

म्हणजे कोट नव्यानं शिवायचे, मापंही नव्यानं घ्यायची. संध्याकाळी बँडवाले येणार होते. आणि आहे तसं माप मास्तरांनी जन्मात घेतलं नव्हतं.

"आधी तू उभी राहा," ते म्हणाले. "हात बसू दे."

बाई आपले कपडे नेहमी आपल्या आपणच बेतायच्या. किती शहाण्या होत्या ते यावरूनच कळावं. आज पहिल्यांदाच त्या या आरशासमोर उभ्या राहिल्या. टेप कमरेला लागताच त्यांनी पोट आत ओढलं आणि श्वास रोखला. मास्तर टेप धरून थांबले.

"सोड," ते हळूच म्हणाले. "श्वास सोड. असतेस तशी उभी राहा."

बाईंनी श्वास सोडला. टेप सरकली, आणखी सरकली. मास्तरांनी आकडा बघितला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "एवढं नसावं खरं तर..."

आरशातून बाईंनी नुसतं बघितलं.

"आहे, आहे," मास्तर घाईघाईनं म्हणाले. "आहे तेवढंच धरतो. वर माया ठेवतो."