खारूताईची वेणी

संध्याकाळी सासूबाई शाळेतून आल्या की चहाच्या आधी मी त्यांचं डोकं बघायचं आणि त्यांनी माझं, असा आमच्या घरचा शिरस्ता होता. लग्न होऊन आले तेव्हा मी याला साफ नकार दिला होता. माहेरी मला कधी ऊ झाली नव्हती आणि सासरी येऊन ती करून घ्यायचा माझा विचारही नव्हता. "झाल्या तर सांगेन," असं मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं. महिना उलटायच्या आत झाल्या. सासूबाईंनी टोमणा म्हणून मारला नाही. फणी आणि उशीची जुनी पांढरी खोळ घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बस." तेव्हापासून मी मुकाट्यानं बसायला लागले.

सासूबाई प्राथमिक शाळेत कामाला होत्या. वर्ग झाडायचे, पाणी भरायचं, घंटा द्यायची, कुणी पोर ओकलं तर ते निस्तरायचं. डोकी बघणं त्यांच्या कामात धरलेलं नव्हतं, ते त्यांनी आपणहून अंगावर ओढवून घेतलं होतं. शुक्रवारी दुपारी पाण्याच्या टाकीमागच्या बाकावर मांडीवर खोळ पसरून त्या बसायच्या आणि खालच्या वर्गातली पोरं एकेक करून त्यांच्या गुडघ्यांमध्ये येऊन बसायची. अख्खी शाळा त्यांना फणीमावशी म्हणायची. मुख्याध्यापिकाबाईंनासुद्धा त्यांचं खरं नाव आठवायला जरा वेळच लागायचा.

त्यांची पद्धत ठरलेली होती. डोकी सगळ्यांची बघायची. ज्याच्या डोक्यात काही नाही त्यालाही तितकाच वेळ विंचरत बसायचं, म्हणजे कुणाला सापडल्या आणि कुणाला नाही हे रांगेतल्या पोरांना कळत नाही. ऊ सापडली की दोन नखांमध्ये धरून मारताना जोरात खोकायचं, म्हणजे टचकन आवाज होतो तो झाकला जातो. पोरांना वाटायचं मावशीला खोकल्याची खोड आहे. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे कुणाचं डोकं जबरदस्तीनं धरायचं नाही. पोर नको म्हणालं तर नको, पुढच्या शुक्रवारी बघू.

"तुम्ही उवा मारायला जाता की त्यांचे लाड करायला?" मी त्यांना डिवचायची. त्या हसायच्या आणि मनगट चोळायच्या. त्यांच्या लहानपणी शाळेच्या मैदानात उवा झाल्या म्हणून सगळ्यांच्या देखत दोघींनी त्यांचे हात धरून ठेवले होते आणि तिसरीनं केस कापले होते. "केस काय, वाढले गं," त्या म्हणायच्या, "पण ते हात अजून जाणवतात." मी चहा टाकायला उठायची.

प्रत्येक पोराला त्यांनी नाव ठेवलेलं असायचं. एक भोपळा होता, एक भुंगा होता, एक होती पोस्टमन, कारण ती सगळ्यांच्या चुगल्या घरोघर पोचवायची. आणि एक होती खारूताई. दुसरीतली, रंगाऱ्याची मुलगी. लांब वेणी खांद्यावरून पुढे घेऊन दोन्ही हातांत धरून बसायची, खार शेपूट धरते तशी. आधी हे गमतीचं वाटायचं. मग तिची आई गेली आणि पोरगी वेणी हातातून सोडेचना.

त्या आईला पोटाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात न्यायचं होतं. साधंच ऑपरेशन, चार दिवसांत घरी, असं सगळे म्हणत होते. निघायच्या आधी ती पलंगाच्या कडेला बसली आणि तिनं लेकीची वेणी घातली. एका कुशीत दुखत होतं म्हणून वाकडी बसली होती, त्यामुळे वेणीही डावीकडे कलती आली. घट्ट वेणी घालून, खाली काळ्या धाग्याची गाठ मारून ती म्हणाली, "बाबांना काही हे जमायचं नाही. मी येईपर्यंत सोडू नकोस. आले की मी सोडून देईन." कुठलीही आई जाताना म्हणेल असं सोयीचं बोलणं. पण आई आलीच नाही.

पुढच्या शुक्रवारी खारूताई टाकीमागे येऊन बसली आणि वेणी छातीशी धरून म्हणाली, "मावशी, वरवर बघ. वेणी सोडायची नाही." सासूबाईंनी का म्हणून विचारलं तेव्हा तिनं हे सगळं सांगितलं. आई गेल्याचं तिला माहीत नव्हतं असं नाही. घरात काय झालं ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण सोडू नकोस म्हणून सांगितलेलं होतं, आणि नाही सोडली तर ती येणार होती. "बाबांना सांगू नकोस," असंही ती म्हणाली. सासूबाईंनी मान डोलावली.

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी चहाला हात लावला नाही. मी त्यांचं डोकं बघता बघता विचारलं, "मग? आहेत का तिच्या डोक्यात?"

"आहेत. कानामागे लिखाच लिखा."

"मग सोडायची की वेणी! विंचरायची आणि परत घालायची. तशीच, डावीकडे कलती. त्यात काय एवढं?"

"वेणी घालीन गं मी," सासूबाई म्हणाल्या. "पण त्या बाईचे हात कुठून आणू?"

मी शिवणकाम करते. एखादीचा आवडता ब्लाउज उसवून हुबेहूब तसाच शिवून दिला, तरी तिला तो परका लागतो हे मला चांगलं ठाऊक आहे. तरीही मी चिडले. मेलेल्या बाईच्या गाठीसाठी जिवंत पोरीचं डोकं उवांना खायला घालायचं, हा कुठला शहाणपणा? पण सासूबाई ऐकून घेतील तर शपथ. नियम म्हणजे नियम, पोर नको म्हणतंय तर नको.

मग त्यांनी रोजच मधल्या सुट्टीत तिला टाकीमागे न्यायला सुरुवात केली. वेणीच्या आजूबाजूचे सुटे केस विंचरायचे, वेणीवर तेल थापायचं, बोटांनी जमेल तेवढं वेचायचं. रोज विचारायचं, "आज सोडू या?" रोज उत्तर यायचं, "नको." इकडे घरी माझ्या डोक्यावर वेगळाच छळ सुरू झाला. सासूबाई मला गुडघ्यांमध्ये बसवून डावीकडे कलती वेणी घालायचा सराव करायला लागल्या. सैल झाली की सोडायच्या, मधोमध आली की सोडायच्या. स्वतः अंग एका बाजूला झुकवून बसायच्या, त्या बाईसारखं. मी अशी वाकडी वेणी घेऊन गिऱ्हाइकांच्या मापाला उभी राहायची आणि बायका तोंडावर हात ठेवून हसायच्या. "अहो, माझी मान वाकडी होईल अशानं," मी कुरकुरायची. "थांब गं, जमत आलंय," त्या म्हणायच्या.

आणि एका सोमवारी त्या हसतच घरात शिरल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "म्हणाली, शुक्रवारी सोड. मी तिला सांगितलं, तुझ्या आईसारखीच परत घालून देईन, शिकलेय बघ. तर म्हणाली, आधी दाखव. म्हटलं, शुक्रवारी माझ्या सुनेलाच घेऊन येते, तिच्या डोक्यावर बघ." म्हणजे माझं डोकं नमुना म्हणून शाळेत जाणार होतं. मी नाक मुरडलं, पण खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं.

शुक्रवार काही उजाडला नाही. म्हणजे उजाडला, पण त्याचा उपयोग नव्हता. दरम्यान दुसरीच्या निम्म्या वर्गाची डोकी खाजायला लागली होती. आया तक्रारी घेऊन शाळेत आल्या. मुख्याध्यापिकाबाई तरी काय करणार? त्यांनी रंगाऱ्याला फोन केला. मुलीचं डोकं साफ करा आणि मगच शाळेत पाठवा, म्हणाल्या. रंगारी तेव्हा कुठल्याशा इमारतीत शिडीवर होता. बायको जाऊन पुरते दोन महिने झाले नव्हते आणि पोरीकडे बघायला कुणी नाही हे शाळेनं फोनवर सांगावं! माणूस शरमेनं अर्धा झाला. हातातला ब्रश तसाच डब्यात टाकून घरी गेला आणि पोरीला उचलून थेट सलूनमध्ये घेऊन गेला. पोरगी रडली, ओरडली, त्याला चावली. त्याला वाटलं, हट्टी झालीय. आईनं काय सांगून ठेवलंय ते त्याला माहीतच नव्हतं. ते तिला ठाऊक होतं, सासूबाईंना आणि मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिला घेऊन शाळेच्या फाटकात उभा राहिला. तिच्या डोक्यावरची टोपी काढून म्हणाला, "मावशी, बघा, आता काही त्रास नाही कुणाला." डोकं तुळतुळीत होतं, कानामागे मशीनचे ओरखडे होते. सासूबाईंनी विचारलं, "वेणी?"

"वेणी काय? टाकली असेल त्यानं."

खारूताई खाली बघत उभी होती. दोन्ही हात छातीशी धरलेले, मुठी आवळलेल्या, आणि मुठींमध्ये काही नाही.

त्या दिवशी मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली नाही. पोरं मैदानात खेळतच राहिली. सासूबाई भर दुपारी दारात उभ्या होत्या, धापा टाकत. "चल," म्हणाल्या. कुठे, कशाला, काही नाही. मी टाके घालत होते ते कापड तसंच मशीनवर ठेवून निघाले.

सलूनच्या मागच्या बोळात केसांचं पोतं भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. सासूबाई खाली बसल्या आणि त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातले. "मावशी, सोनं पडलंय की काय आत?" सलूनवाला हसत म्हणाला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो आत निघून गेला. काळे, पांढरे, रंगवलेले, कुणाकुणाचे केस सासूबाई उपसत होत्या. मला किळस आली होती, खोटं बोलत नाही. मग बघितलं तर त्या डोळे मिटून शोधत होत्या. मीही खाली बसले आणि हात घातले.

वेणी सापडली ती पोत्याच्या तळाशी. कापलेल्या बाजूनं चारदोन पेड सुटले होते, खाली काळ्या धाग्याची गाठ मात्र जशीच्या तशी होती. घरी येऊन मी दुहेरी दोरा घेतला आणि वरचं टोक घट्ट गुंडाळून शिवून टाकलं, एकही पेड पुढे सुटणार नाही असं. वेणीत उवा वळवळत होत्या. "डब्यात बंद करून ठेवू," सासूबाई म्हणाल्या. "डोकं सुटलं की उपाशी मरतात त्या." बिस्किटांचा रिकामा डबा होता, त्यात ठेवून झाकण लावलं आणि डबा कपाटावर चढवला.

संध्याकाळी सासूबाई रंगाऱ्याकडे गेल्या आणि त्याला सगळं सांगून आल्या. तो म्हणे बराच वेळ हातावरचा रंग खरवडत बसला. मग म्हणाला, "मावशी, मला कुणीतरी सांगायचं."

"मीच सांगायला हवं होतं रे. आणि पहिल्याच शुक्रवारी सोडायला हवी होती ती वेणी. केस तरी राहिले असते पोरीचे."

मला हे सांगताना त्या रडल्या नाहीत. फणी घेऊन बसल्या आणि माझी कलती वेणी सोडून टाकली. त्यानंतर त्यांनी तशी वेणी कधी घातली नाही. मी एकदा आपणहून म्हटलं, घाला की, तर नुसता हात हलवला.

खारूताईच्या डोक्यावर बोटभर केस आले तेव्हा बापलेक आमच्या घरी आले. सासूबाईंनी डबा खाली काढला, झाकण उघडलं आणि वेणी तिच्या हातात दिली. तिनं ती दोन्ही मुठींत धरली. नाकाशी नेली. मग खालची गाठ उलटीसुलटी करून बघितली.

"मावशी, मी नाही सोडली."

"नाही गं बाळा. तू नाही सोडलीस. गाठ तशीच आहे."

"मग ती का नाही आली?"

रंगारी उठून बाहेर गेला. मी मशीनकडे बघत बसले. पोरीनं सासूबाईंकडे बघत थोडी वाट पाहिली. मग ती नेहमीसारखी त्यांच्या गुडघ्यांमध्ये येऊन बसली, वेणी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "सोड आता."

सासूबाईंनी मांडीवर पांढरी खोळ पसरली. काळ्या धाग्याची गाठ त्यांच्या बोटांना सुटता सुटेना. शेवटी खारूताईनंच ती दातांनी सोडवली. मग एकेक पेड मोकळा झाला. केस मोकळे झाले तरी वेणीची लहर त्यांच्यात तशीच राहिली होती. सासूबाई फणी घेऊन विंचरायला लागल्या, वरून खाली, अगदी हळू, डोक्याला लागू नये अशा बेतानं. वाळक्या उवा खोळीवर पडत होत्या.

"निघतायत?" पोरीनं विचारलं.

"निघतायत. सगळ्या मेलेल्या आहेत."

मारण्यासारखं त्यात काही उरलंच नव्हतं. तरी सासूबाई खोकल्या, आणि मग खोकतच राहिल्या.